माइन्झला द्यायचे उत्तर

ओबरवेझेलमध्ये त्या सकाळी उजेड डोंगरावरून खाली उतरत होता. आमच्या लहानशा हॉटेलचे न्याहारीचे दालन मागच्या अंगाला होते, ऱ्हाइन नदीकडे पाठ करून बसल्यासारखे. त्यामुळे खिडकीतून नदी दिसत नसे. दिसे तो गावामागचा डोंगर. सूर्य नदीपलीकडच्या टेकड्यांआड अजून अडकलेला होता, पण त्याचा उजेड आमच्या छपरावरून पलीकडे जाऊन डोंगराच्या माथ्याला पोहोचला होता. आधी माथ्यावरच्या किल्ल्याची एकच भिंत पिवळसर झाली. तिथे तो बराच वेळ थांबला. मग द्राक्षवेलींच्या रांगांवरून तो एकेक रांग ओलांडत उतरू लागला, इतक्या सावकाश की तो उतरताना दिसत नसे, फक्त उतरलेला दिसे. गावकुसाचा एक बुरूज अर्धा उजळला आणि अर्धा तसाच राहिला. पाटीच्या दगडाची काळी छपरे दवाने ओली होती. ती चमकली नाहीत, केवळ त्यांच्या काळ्या रंगात कुठूनसा निळा मिसळला. अखेर समोरच्या एका पांढऱ्या भिंतीवरून परतून उजेड आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर आला, मधाच्या बरणीत शिरला, तिथून लोण्याच्या वडीकडे गेला आणि समोर बसलेल्या माझ्या आत्याच्या मनगटापाशी थबकला. तिथे तिची जपमाळ गुंडाळलेली होती. त्या उजेडात विशेष असे काही नव्हते. त्या गावात तो रोज असाच येत असेल आणि कुणी मान वर करून पाहतही नसेल.

"ब्रदर, चहा गार झाला तुमचा," आमच्या गावचे बस्त्याव काका मला म्हणाले.

"अहो, थांबा जरा," आत्याने त्यांना हळूच दटावले. "सकाळची प्रार्थना चाललीय त्याची."

"उघड्या डोळ्यांनी?"

"आमच्या ऑस्विनची तशीच असते."

"मग मलाही शिकवा, ब्रदर. मी डोळे मिटले की घोरायलाच लागतो. आमचे फादर साक्षीला आहेत."

"रविवारच्या मिस्साला सगळं चर्च साक्षीला असतं, बस्त्याव," फादर ज्योकिम पावाला लोणी लावता लावता म्हणाले, आणि दालनभर हशा पिकला. मीही हसलो. चहा खरोखरच गार झाला होता.

त्या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षे झाली. वसईतल्या आमच्या गावची ती माणसे आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, फादरांबरोबर जर्मनीतली जुनी चर्चे आणि नदीकाठची गावे पाहायला निघाली होती. बहुतेक साठीच्या पुढची, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांत आयुष्य काढलेली. बॅगांमध्ये सुकेळी, मेतकुटाच्या पुड्या आणि गुडघ्यांचे मलम. तरुण म्हणावा असा त्यांच्यात मी एकटाच. सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपवून, नियमाप्रमाणे वर्षभर बाहेर राहून मी धर्मग्रामात काम करीत होतो. जूनमध्ये परत जायचे, ईशज्ञानाचा अभ्यास सुरू करायचा, आणि मग काही वर्षांनी वेदीसमोर पालथे पडून कायमचे धर्मगुरू व्हायचे. परत जायचे की नाही, एवढेच मला सांगायचे होते. सेमिनरीच्या वरिष्ठांना मे महिन्याच्या आत ते कळवणे भाग होते आणि कळवायचे काम फादर ज्योकिम यांच्याकडे होते.

"घाई नाही," विमानात बसण्यापूर्वी ते मला म्हणाले होते. "तिकडं चर्चे बघ, शांतपणे प्रार्थना कर. माइन्झ हे आपलं शेवटचं गाव. तिथं मला सांग."

हे सर्वांना ठाऊक होते. किंबहुना माझे उत्तरही सर्वांना ठाऊक होते. ते मी उच्चारायचे तेवढे बाकी होते. आई गेल्यावर मला वाढवणाऱ्या कार्मेलीन आत्याने तर प्रत्येक चर्चमध्ये माझ्या नावाने एक मेणबत्ती लावायचे व्रतच घेतले होते. आणि बस्त्याव काका, ज्यांनी लहानपणी मला त्यांच्या वाडीतल्या विहिरीपाशी खेळताना कान धरून हाकलले होते, ते मी सेमिनरीत गेल्या दिवसापासून मला "अहो ब्रदर" म्हणत आले होते.

मी अबोल होतो. माणसांत बसलो की माझे शब्द आत कुठेतरी मागे राहत. गावाने माझा अबोलपणा लहानपणापासूनच भक्ती म्हणून वाचला. एका दृष्टीने ते मला सोयीचेच होते; अबोल माणसाला लोक पुन्हा पुन्हा कारण विचारतात, भक्ताला कुणी विचारत नाही.

कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये पाऊल टाकले तेव्हाच ते सुरू झाले. आत शिरताच मान आपोआप मागे गेली. दगडाचे खांब जमिनीतून निघाले होते आणि थांबायचे विसरले होते. इतक्या उंचावर जाऊन ते एकमेकांकडे वाकले होते की ते माणसांनी चढवले असतील यावर विश्वास बसेना. ते बांधणाऱ्यांपैकी कितीकांनी ते पुरे झालेले पाहिले नसेल; आजोबांनी पाया पाहिला, नातवाने भिंत पाहिली, आणि छत पाहणारा त्यांचे नावही जाणत नसेल. मी एका खांबापाशी उभा राहिलो. किती वेळ, ते मला कळले नाही. भानावर आलो तेव्हा आमची सगळी मंडळी माझ्या मागच्या बाकांवर चिडीचूप बसलेली होती आणि आत्या एका बाईला ओठांवर बोट ठेवून गप्प करीत होती.

बाहेर आल्यावर बस्त्याव काका माझ्याजवळ आले. एरवी त्यांच्या तोंडाला कुलूप नसे, पण त्या दिवशी ते अवघडले होते. "ब्रदर, असं उभं राहणं मी आमच्या थोरल्या फादरांनंतर कुणाचं पाहिलं नाही," ते म्हणाले. मी खाली पाहिले. माझ्या खाली पाहण्याचाही त्यांनी तोच अर्थ लावला असावा.

पुढे तो रिवाजच झाला. कोब्लेन्झला, जिथे मोझेल नदी ऱ्हाइनला येऊन मिळते आणि दोन पाण्यांचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी चालतात. बोपार्डला, जिथे नदी गावाला जणू कुशीत घेण्यासाठी वळते. चर्चमध्ये शिरलो की मंडळी मला पुढे जाऊ देत. मी जिथे थांबे, त्याच्या दोन बाक मागे ती बसत. मी हललो की उठत. बसचालक घड्याळ दाखवू लागला तर आत्या त्याला हातानेच थोपवी.

बोपार्डच्या एका दुकानात तिने लेस विकत घेतली. पांढरीशुभ्र, बोटभर रुंदीची, द्राक्षाच्या पानांची वेल विणलेली. धर्मगुरू झाल्यावरच्या माझ्या पहिल्या मिस्साच्या झग्याला लावायची म्हणून. दुकानदारीण हसून काहीतरी बोलली आणि फादरांनी त्याचा अर्थ सांगितला, "ती विचारतेय, लग्न कुणाचं?"

"तिला सांगा फादर, लग्न नाही. त्याच्याहून मोठं," आत्या म्हणाली आणि लेस पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहू लागली. तिचा चेहरा इतका सुंदर मी कधी पाहिला नव्हता.

ओबरवेझेलचे चर्च लाल होते. गावाच्या टोकाला, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी, सगळ्या करड्या दगडांमध्ये ते एकटेच एखाद्या पिकलेल्या फळासारखे उभे होते. न्याहारीनंतर आम्ही चालतच तिकडे गेलो. वाटेत नदीकाठच्या एका घराच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या होत्या. एकावर एक रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे साल. सर्वात वरची रेघ बस्त्याव काकांच्या डोक्यावरून जात होती. ते तिच्याखाली उभे राहून हात वर करून मोजू लागले.

"म्हणजे हे लोक दर वेळी बुडाले आणि दर वेळी इथंच राहिले?"

"तुमच्या वाडीतही पाणी शिरतं, तुम्ही कुठं सोडलीत?" आत्या म्हणाली. "चिखल काढायला मला बोलावलं होतंत."

"आमच्याकडं खुणा करायची पद्धत नाही. नाहीतर भिंत पुरली नसती."

चर्चमध्ये मुख्य वेदीवर सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी कमानींची रांग होती आणि प्रत्येक कमानीत वीतभर उंचीची एक मूर्ती. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी नुसत्या हत्याराने लाकडातून जाळी सोडवून काढली होती. सुतापेक्षा जाड नाही अशी वेलबुट्टी, आणि तिच्याखाली ते लहान लहान संत, कुणी मान कलती केलेला, कुणी पुस्तकात बोट घालून थांबलेला. एका स्त्रीमूर्तीने आपल्या झग्याची चुणी दोन बोटांनी अशी उचलली होती की आता ती पायरी उतरणार असे वाटावे. मी त्या दोन बोटांपाशी अडकलो. त्या अनामिक कारागिराने कधीतरी, कुठल्या तरी पायरीवर, हे खरेच पाहिले असणार. कुण्या पोरीने चुणी उचलली, आणि तो घरी जाऊन लाकडावर वाकला. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

मागे वळलो तर आत्या गुडघ्यांवर होती. थंड फरशीवर, उशीशिवाय.

"आत्या, तुझे गुडघे," मी तिला उठवीत म्हणालो. "बाकावर बसायचं ना."

"तू उभा असेपर्यंत मी कशी बसू? तुझ्याबरोबरच म्हणते मी माळ. तू थांबलास की मी थांबते." मग तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिले. आणि माझा हात दाबला.

दुपारी माइन्झकडे निघालो तेव्हा ऱ्हाइन बसच्या डाव्या हाताला होती. मालवाहू बोटी संथपणे जात होत्या. एका बोटीच्या मागच्या भागात दोरीवर कपडे वाळत घातले होते आणि कुंडीत लाल फुले होती. कुणीतरी पूर्ण संसारच पाण्यावरून पुढे नेत होते. मी ते पाहत असतानाच बस्त्याव काका शेजारच्या आसनावर येऊन बसले. त्यांच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर कसलाही विनोद नव्हता.

"ब्रदर, एक मागणं होतं."

"सांगा ना, काका."

"सिल्वियाला सकाळी हॉस्पिटलात नेलंय. दिवस भरायला वेळ होता अजून. रक्तदाब वाढलाय म्हणे." ते थांबले. सिल्विया त्यांची धाकटी मुलगी. आधीचे एक मूल तिला जगले नव्हते, हे मला ठाऊक होते. "तिकडं तिची आई आहे, जावई आहे. मी इथं बोटी मोजत बसलोय. माझी प्रार्थना तुम्हाला माहितीच आहे, अर्ध्यात डोळा लागतो. तुम्ही आता त्या चर्चमध्ये उभे राहाल ना... तेव्हा तिचं नाव घ्या. तुमचं ऐकतो तो."

"घेतो, काका."

"तुमचा शब्द आहे ना?"

"हो."

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही खरखरीत हातांत घेतला आणि उठून गेले. मी पुन्हा नदीकडे पाहिले, पण कपड्यांची बोट मागे राहिली होती.

माइन्झमधले संत स्टीफनचे चर्च टेकाडावर आहे. बाहेरून ते साधे दिसते. युद्धात जळाले आणि पुन्हा उभे केले, असे फादरांनी सांगितले. मंडळी कुजबुजत आत शिरली आणि तिथेच थांबली. आत उजेडच निळा होता. खिडक्या निळ्या होत्या म्हणण्यापेक्षा, आतली हवा निळी होती, फरशी निळी होती, आत्याचे पांढरे केस आणि बस्त्याव काकांचा सदरा निळा झाला होता. वेदीमागच्या उंच काचांमध्ये माणसे तरंगत होती. देवदूत होते, राजे होते, मूल छातीशी धरलेली एक आई होती, आणि कुणाच्याच पायाखाली जमीन नव्हती. बाहेर ढग सरकला की एक निळा मागे जाई आणि त्याच्या आतला दुसरा निळा पुढे येई: आधी संध्याकाळच्या खाडीचा, मग जांभळाच्या सालीचा, मग एक असा की ज्याला मला नाव सापडेना. मी बाकाच्या कडेला टेकलो. एका कोपऱ्यात काचेचा एक लहानसा तुकडा पिवळा होता, आणि त्या पिवळ्यासाठीच ती सारी निळाई जमली आहे असे मला वाटू लागले. पुढच्या ढगाची मी वाट पाहिली. मग त्याच्या पुढच्या. जगात इतके सुंदर काही असू शकते आणि ते पाहायला मला जन्म मिळाला, या एका विचाराने माझा ऊर भरून आला होता.

खांद्यावर हात पडला तेव्हा मी दचकलो.

"ब्रदर," बस्त्याव काका कुजबुजले, "घेतलंत ना नाव?"

मी त्यांच्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती होकाराची होती, असे त्यांना दिसले.

चर्चच्या अंगणात येतो न येतो तोच फोन वाजला. काका एका झाडाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. मग ती पाठ हसताना हलावी तशी हलली, आणि ते वळले तेव्हा त्यांचे गाल ओले होते.

"मुलगी झाली! दोघी ठीक आहेत. लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडतेय म्हणे, चांगली रडतेय!"

"आजोबांवर गेली," आत्या डोळे पुसत म्हणाली.

मग एकच गलका झाला. काकांनी पिशवीतून सुकेळी काढली आणि वाटत सुटले; आमच्या माणसांना, बसचालकाला, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या एका अनोळखी जर्मन जोडप्यालादेखील. ते जोडपे गोंधळून हातातल्या तपकिरी केळ्याकडे पाहत राहिले. "खा, खा, आमच्या वसईचं आहे," काका त्यांना मराठीत सांगत होते. आणि प्रत्येकाला ते पुढे हेच सांगत, "आमच्या ब्रदरनं आत्ता मागितलं आणि आत्ता मिळालं. मी मागं उभा होतो. हललासुद्धा नाही हो तो!"

बायकांनी माझे हात हातांत घेतले. एकीने माझ्या हाताचे चुंबन घेतले, जसे नवा अभिषेक झालेल्या धर्मगुरूच्या हाताचे घेतात. मी हात मागे घेतला.

उतारावरून सगळे नदीकडे चालू लागले. ऱ्हाइनच्या काठाने झाडांची लांबच लांब रांग होती आणि तिच्याखाली बाक. फादर ज्योकिम यांनी मला एका बाकावर बसवले. आत्या हातात सफरचंदे घेऊन आमच्या मागोमाग आली, "मी ऐकलं तर चालेल ना?" असे तिने डोळ्यांनीच विचारले आणि फादरांनी बाजूला सरकून तिला जागा दिली. समोर नदी रुंद आणि उजळ वाहत होती.

"विचारायची गरज आहे का, ऑस्विन?" फादर हसले. "पण नियम आहे. तुझ्या तोंडून ऐकायला हवं."

माझ्याजवळ 'हो' तयार होते. ते बरेच दिवस तयार होते. मी तोंड उघडले आणि ते आले नाही.

फादरांनी आत्याकडून एक सफरचंद घेतले. ते सफरचंद पुसत बोलत राहिले. "खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. तीस वर्षं झाली मला धर्मगुरू होऊन. मी गुडघे टेकले की चर्चचं गळकं छप्पर आठवतं, कुणाची बॅग राहिली ते आठवतं. आज तर आत बसून मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, बस्त्यावच्या लेकीचं हेही मूल नेलंस तर मी तोंड कसं दाखवू? असली माझी प्रार्थना, बाजारातल्यासारखी. पण बोलतो मी त्याच्याशी. बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तर टिकलो." त्यांनी सफरचंद माझ्या हातात ठेवले. "तू इतका वेळ उभा असतोस. तू काय बोलतोस रे त्याच्याशी?"

प्रश्नात कसलीही परीक्षा नव्हती. एखाद्या वाडीवाल्याने दुसऱ्याला खत कोणते घालतोस म्हणून विचारावे, तितक्या सरळपणे त्यांनी तो विचारला होता. आत्याही माझ्याकडे पाहत होती. तिला ते ऐकायचे होते. मी कोलोनचा खांब आठवला. चुणी उचलणारी दोन बोटे आठवली. निळ्यातला पिवळा तुकडा आठवला. प्रत्येक ठिकाणी मी पुन्हा एकदा उभा राहिलो आणि काही शब्द सापडतो का ते पाहिले. सिल्वियाचे नाव शोधले.

पलीकडे बस्त्याव काका कुणाला तरी फोनवर मोठ्याने सांगत होते, "अगं, ब्रदरनं मागितलं म्हणून!"

"ऑस्विन?" आत्या म्हणाली.

"फादर," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "मी एकाही चर्चमध्ये प्रार्थना केली नाही."